बसायचं तर आधी झाडायचं

कल्पना करा, तुमच्यासमोर एका अनोळखी माणसाची मान आहे. ती वाकलेली आहे, उघडी आहे आणि आता काही वेळ तुमच्या ताब्यात आहे. तुमच्या उजव्या हातात कात्री, डाव्या हातात कंगवा. कंगवा खालून वर न्यायचा, त्याच्या दातांबाहेर जेवढे केस आले तेवढेच कापायचे आणि कंगवा मध्येच थांबू द्यायचा नाही. थांबला की केसांत पायरी पडते, आणि पायरी पडली की तो माणूस महिनाभर टोपी घालून हिंडतो आणि तुमच्या नावाने खडे फोडतो. कानापाशी आलात की कानाची पाळ दोन बोटांनी अशी दुमडायची की त्याला कळूही नये. त्याला शिंक येणार आहे हे त्याच्या आधी तुम्हाला कळलं पाहिजे. आता यात भर अशी घाला, की तुम्हाला त्याची भाषा येत नाही, त्याला तुमची येत नाही, आणि 'थोडेच कापा' हे सांगायला त्याने दाखवलेली चिमूट नेमकी केवढी हे तुम्ही अंदाजाने ठरवायचं आहे.

जमेल? ताईला जमतं.

तिला सगळे ताई म्हणतात. शिकायला परदेशात आल्यावर पहिल्या आठवड्यात तिच्या धाकट्या भावाचा फोन आला, तो पलीकडून ताई, ताई करत होता, आणि खोलीत सोबत राहणाऱ्या मुलीला वाटलं की हेच हिचं नाव. ती मुलगी दुसऱ्याच देशातली, औषधनिर्माण शिकायला आलेली, उंचीने दाराच्या चौकटीला टेकेल अशी. तिने सगळ्या मजल्यावर तेच नाव सांगितलं. थोड्याच दिवसांत ताईपेक्षा वयाने कितीतरी मोठे, दाढीवाले बाप्ये तिला ताई म्हणू लागले. तिने दुरुस्त करायचा प्रयत्न केला, मग नाद सोडला. परक्या मुलखात फुकटात एवढी भावंडं मिळतायत तर तक्रार कसली करायची.

ताई यंत्रांची थरथर शिकायला आली होती. म्हणजे एखादं यंत्र चालताना का हलतं, किती हललं तर चालेल, आणि कुठला आवाज आला की समजायचं आता आतलं काहीतरी झिजलंय. घरच्यांना हे समजावताना तिची दमछाक व्हायची. आई शेजारणीला सांगायची, 'पोरगी मशीनची डॉक्टर होणार आहे,' आणि ते खरं तर बरोबरच होतं.

तिचे वडील न्हावी. दुकान पुढे, घर मागे, मध्ये एक पडदा. शाळेतून आल्यावर ताई दुकानातल्या बाकावर बसून अभ्यास करायची, कारण दिवा तिथलाच चांगला होता. पाढे पाठ करता करता कात्री पाठ झाली. बाबांनी तिला फुगवलेल्या फुग्यावर साबणाचा फेस लावून वस्तरा फिरवायला शिकवलं होतं, तो फुटला की दोघं हसायचे. धंदा खरं तर भावाने शिकायचा होता, पण तो वस्तरा पाहिला की पडद्यामागे पळायचा. ताई मोठी होत गेली तसे बाबा गप्प होत गेले. एक दिवस त्यांनी तिच्या हातातून कात्री काढून घेतली आणि म्हणाले, आता पुरे, जा अभ्यासाला.

निघायच्या दिवशी त्यांनी एकच अट घातली. तिकडे काहीही कर, पण तुझ्या हातात कात्री दिसता कामा नये. ती हो म्हणाली. तिने मनापासून हो म्हटलं होतं. आणि इथे आल्यावर घरी काय करतात असं आपल्या भाषेतल्या कुणी विचारलं, की ती सांगायची, वडिलांचा छोटा व्यवसाय आहे. कसला म्हणून कुणी पुढे विचारलं तर तिला एकदम तहान लागायची आणि ती पाणी प्यायला उठायची.

तर ही अट मोडली ती त्या उंच मुलीमुळे. तिने एका दुपारी बेसिनसमोर उभं राहून कागद कापायच्या कात्रीने स्वतःचे केस कापायला घेतले. गावातलं दुकान परवडत नव्हतं, आणि मागे एकदा गेली होती तेव्हा तिने सांगितलं एक आणि त्यांनी कापलं भलतंच. ताई पलंगावर बसून पुस्तक वाचत होती. म्हणजे डोळे पुस्तकात होते. कानांवर त्या बोथट कात्रीचा करकर आवाज पडत होता आणि तिच्या अंगावर काटा येत होता. शेवटी मुलगी वळली तेव्हा तिची एक बाजू कानाशी होती आणि दुसरी खांद्यावर. तिने विचारलं, बरं दिसतंय का? ताईने खोटं बोलायला तोंड उघडलं, आणि त्याऐवजी म्हणाली, "बस खाली."

झालं. ती उंच मुलगी दुसऱ्या दिवशी वर्गात गेली आणि परत येताना दोघांना घेऊन आली.

खोलीत गर्दी व्हायला लागली तेव्हा ताईने बस्तान वसतिगृहाच्या तळघरात हलवलं, जिथे कपडे धुण्याची यंत्रं होती. तिथे पाणी होतं, फरशी होती आणि दिवा चांगला होता. खुर्ची तिने प्रयोगशाळेच्या भंगारातून आणली. चाकांची, फिरणारी, पण बसलं की फुस्स करून खाली जाणारी आणि खालीच राहणारी. ताईने तिची चाकं काढली, आतली नळी काढून तिथे भोकं पाडलेला लोखंडी पाइप बसवला आणि एक खीळ घातली. आता खीळ काढून खुर्ची हवी तेवढी वरखाली करता यायची. गिऱ्हाईक बसवून हे करताना खाडकन आवाज यायचा आणि भलेभले दचकायचे. एरवी घरच्या आठवणीने रडवेली होऊन बसणारी पोरं तेवढ्यावर हसायची.

इमारतीची व्यवस्था पाहणारी बाई कडक होती. तिने येऊन सगळं पाहिलं आणि सांगितलं, माझी हरकत नाही, पण जमिनीवर एक केस दिसला तर खुर्ची बाहेर. म्हणून पहिल्या दिवशी एकाचं कापून झाल्यावर ताईने झाडू उचलला. आणि तिला बाबा दिसले. म्हणजे तिला आठवलं, की बाबा खाली वाकून झाडतात आणि बाकावर बसलेली गिऱ्हाइकं वर्तमानपत्र न हलवता नुसते पाय उचलतात. तेही पुरते नाहीत, झाडू जाण्यापुरतेच. लहानपणापासून तिने हजार वेळा ते पाहिलं होतं आणि कधी काही वाटलं नव्हतं. आज वाटलं.

पुढचा मुलगा खुर्चीत बसायला निघाला होता. ताईने झाडू त्याच्यासमोर धरला आणि खाली पडलेल्या केसांकडे बोट केलं. बसायचंय? मग आधी हे झाड. त्याला वाटलं इथली रीतच असेल. त्याने झाडलं. त्याचं झाल्यावर त्याचे केस पुढच्याने झाडले. संध्याकाळपर्यंत नियम होऊन गेला होता आणि मग कुणाला त्याचं नवलही वाटेना. पैसे घ्यायचे नाहीत, वेळ ठरवून यायचं नाही, पण बसायचं तर आधी झाडायचं, आणि तेही आधीच्याचे केस.

या नियमाने काय केलं ते ताईलाही उशिराच उमगलं. आधीच्याचे झाडायचे म्हणजे त्याचं संपेपर्यंत तुम्हाला थांबावं लागतं. तुमचे कोण झाडतोय हे तुम्ही उठताना पाहताच, आणि दुसरा माणूस खाली वाकून तुमचे केस गोळा करत असताना तोंड फिरवून निघून जाणं कुणाच्यानेच होत नाही. चार शब्द बोललेच जातात. एरवी तिथे सगळे आपापल्या देशाच्या घोळक्यात जेवायचे. आता प्रत्येकाला निदान दोन परकी माणसं पक्की ठाऊक झाली, एक ज्याचे आपण झाडले तो आणि एक ज्याने आपले झाडले तो. यंत्रात साखळी अशीच असते, प्रत्येक कडी फक्त शेजारच्या दोघींना धरते, पण ओढलं की सगळी चालते.

आणि ती चालली. खाणावळीचा आचारी केस कापायला यायचा, त्याने एका मुलीचे झाडले आणि तिला राहायला खोली शोधून दिली. ज्यांच्या देशांचं एकमेकांशी सरळ बोलणं नाही असे दोघे एकाच्या मागे एक बसले, भांडले, आणि पुढे कायम एकत्र येऊ लागले, म्हणजे भांडण चालू ठेवता यावं. ताई स्वतः आजारी पडली, पोटात एकाएकी असह्य कळ आली, तेव्हा उंच मुलगी आणि आचारी तिला घेऊन दवाखान्यात गेले. तिथल्या नर्सने विचारलं, तुम्ही हिच्या नात्यातले का? उंच मुलगी म्हणाली, हो, मी हिचे केस कापते. हे खरं होतं. ताईचे केस तीच कापायची, आणि इतके वाईट कापायची की नर्सने ताईच्या डोक्याकडे एकदा पाहिलं आणि विश्वास ठेवला.

तिच्या भाषेतली मंडळीही तिथे होती, त्यांचा छोटासा गट होता, आणि त्या गटाचा एक दादा होता. तो बरीच वर्षं तिथे होता, संशोधन करत होता, इमारतीच्या रहिवासी समितीवरही होता. नव्या मुलांना विमानतळावर आणायला जायचा, बँकेत खातं उघडून द्यायचा. माणूस वाईट नव्हता. ताईलाही पहिल्या दिवशी त्यानेच आणलं होतं, तिची जड बॅग स्वतः उचलून जिन्याने वर नेली होती. पुढचं सगळं समजून घेताना हे विसरून चालणार नाही, आणि ताई विसरलेलीही नाही.

दादाची कुठेतरी मुलाखत होती म्हणून तो एका रविवारी तळघरात आला, सोबत त्याच्या मागेमागे असणारा गटातला एक नवा मुलगा होता. खुर्चीत आचारी बसला होता. दादा बाकावर बसून पाहत राहिला. ताई नेहमीसारखी कापत होती. आणि इथे तिची चूक झाली, अशी चूक जी फक्त दुकानात वाढलेल्या माणसाकडूनच व्हावी. कसलेला न्हावी केस कापत नसतानाही कात्री थांबवत नाही. कंगवा एका जागेवरून दुसरीकडे नेईपर्यंत कात्री हवेत नुसतीच वाजत राहते, कचकच, कचकच, म्हणजे हाताची लय सुटत नाही. हे कुणी शिकवत नाही. ऐकून ऐकून अंगात मुरतं. जिने छंद म्हणून चार जणांचे केस कापलेत तिची कात्री केसांतच वाजते. ताईची रिकामीही वाजत होती.

दादाने मान किंचित कलती केली. त्याच्या गावातल्या दुकानात तोही लहानपणी बसला असेलच की, पाय पुरते न उचलता.

आचारी उठला. ताईने झाडू दादासमोर धरला. तो हसला, त्याला थट्टा वाटली. मग तिने झाडू खाली केला नाही तेव्हा हसू थांबलं. नवा मुलगा लगबगीने पुढे आला, दे, दादाच्या वाटणीचं मी झाडतो. ताई त्याला म्हणाली की बसणार असशील तर तू तुझ्या वेळी झाड, यांची पाळी यांची. आचारी शर्टाची कॉलर झटकत उभाच होता. भाषा कळत नव्हती, पण हातातला झाडू आणि खाली पडलेले आपले केस यांच्यात काय अडलंय ते त्याला बरोबर कळत होतं.

दादा उठून तिच्याजवळ आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "तुमच्या घरी दुकान आहे ना?"

ताईच्या हातातली कात्री थांबली. तिला तहान लागली, पण इथे पाणी शेजारीच होतं, त्याच्या निमित्ताने उठून जायला जागा नव्हती.

"काळजी करू नकोस," दादा म्हणाला. "मी कुणाला सांगणार नाही."

तो हे मायेने म्हणाला. खांद्यावर हात ठेवून म्हणाला. शिवी दिली असती तर ती तिला पचली असती, ऐकत आलेली होती ती. पण हे 'सांगणार नाही' तिला पचेना. सांगू नये असं काय होतं त्यात? आणि मग तिच्या ध्यानात आलं की तिने स्वतःही आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. तेव्हा राग आला तो अर्धा त्याचा आणि अर्धा स्वतःचा, आणि कुठला अर्धा मोठा हे तिला बरेच दिवस ठरवता आलं नाही.

दादा त्या दिवशी केस न कापता गेला. पुढच्याच आठवड्यात समितीकडे तक्रार गेली. सही तीनचार जणांची होती, भाषा दादाची. कडक बाईने ताईला बोलावून सांगितलं की तळघराची खोली वापरायला आता समितीची रीतसर परवानगी लागेल, आणि समिती ती आनंदाने देईल. उलट आरसाही देईल, चांगली खुर्चीही देईल. फक्त एक करायचं. झाडण्याचा तो नियम बंद. झाडायला सफाईची बाई येईल, त्यासाठीच तर ती आहे.

उंच मुलगी म्हणाली, घे की, आरसा मिळतोय. वर्गातल्या एका मुलाने सांगितलं, नियमाचं काय एवढं, महत्त्वाचे केस. ताईचं दोन दिवस काही ठरेना. तिला खोली हवी होती. त्या खोलीतच तर तिचं परकेपण गळालं होतं, तिथेच ती माणसांत आली होती. ती गेली तर परत घोळका, परत कोपऱ्यातलं जेवण. आणि दादाला ठाऊक असलेली गोष्ट तिच्या डोक्यावर टांगलेलीच होती. गप्प बसलं तर सगळंच मिळत होतं.

बैठक भरली तेव्हा दादा फार चांगलं बोलला. ताईच्या कामाचं त्याने कौतुक केलं. मग म्हणाला की स्वच्छतेचा प्रश्न आहे, आणि त्याहून मोठा प्रश्न सन्मानाचा आहे. शिकलेल्या माणसाला दुसऱ्याचे केस उचलायला लावणं हा त्याचा अपमान आहे, आणि आपली मुलगी हे करतेय याचं त्यांच्या गटाला वाईट वाटतं. आमच्याकडे हे काम करणारी माणसं वेगळी असतात, तो म्हणाला, इथल्या लोकांना हे कळणार नाही.

बाईने ताईला विचारलं, तुला काही बोलायचंय का.

ताई उभी राहिली. तिने दादाकडे पाहिलं आणि आधी आपल्या भाषेत, मग सगळ्यांना समजेल अशा भाषेत तेच पुन्हा सांगितलं.

"ती वेगळी माणसं म्हणजे आम्ही. माझे वडील न्हावी आहेत. तुम्ही सांगणार नव्हता, म्हणून मीच सांगते. माझी फी, माझं तिकीट, हे अंगावरचं स्वेटर, सगळं लोकांचे केस झाडून आलेलं आहे. तो अपमान असेल तर आमच्या ताटात रोज दोन वेळा अपमानच वाढला जायचा, आणि मी तो पोटभर खाऊन इथवर आले."

दादाने कागद सारखे केले.

"सफाईची बाई झाडेल म्हणता," ताई पुढे म्हणाली. "म्हणजे तिचा अपमान चालतो. मला नाही चालत. खोली तुमची आहे, ठेवून घ्या. नियम माझा आहे, तो मी घेऊन जाते."

इथे सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि समिती नरमली, असं लिहायला कुणाला आवडणार नाही? पण तसं झालं नाही. मतं घेतली, ताई हरली, आणि दुसऱ्या दिवशी तळघराच्या दाराला कुलूप लागलं. कडक बाईने एवढंच केलं की कुलूप लावायच्या आधी खुर्ची स्वतः ओढत बाहेर आणून ठेवली.

खुर्ची खाणावळीच्या मागे गेली. तिथे आचाऱ्याच्या ताब्यात पत्र्याखालची एक जागा होती, रिकामे डबे आणि सायकली ठेवायची. त्याने डबे एका बाजूला रचले आणि नळाला लांब रबरी नळी जोडली. आरसा नव्हता, तर लोक एकमेकांना विचारू लागले, बरं दिसतंय का, आणि आरशापेक्षा खरं उत्तर मिळू लागलं. वारा मात्र वैताग आणायचा. कापलेले केस उडून सायकलींपर्यंत जायचे आणि झाडणाऱ्याला त्यांच्यामागे धावावं लागायचं. लपलेल्या तळघरात जे चालायचं ते आता रस्त्यावरून दिसत होतं, त्यामुळे इमारतीत न राहणारेही थांबू लागले. समोरच्या गॅरेजचा मिस्त्री आला. पोराला घेऊन एक आई आली, पोराच्या वाटणीचं तिने झाडायला घेतलं तेव्हा ताईने झाडू त्या चिमुरड्याच्याच हातात दिला. त्याने केस इकडून तिकडे केले, पण नियम पाळला. एका रविवारी तो कायम दादाच्या मागे असणारा मुलगा एकटाच आला. बराच वेळ सायकलीचं कुलूप काढल्यासारखं करत उभा राहिला. मग आला, काही न बोलता झाडू घेतला आणि मिस्त्र्याचे केस झाडले. त्याला बसवल्यावर ताईने विचारलं, किती ठेवू? तो म्हणाला, "ठेव गं ताई कितीही. दादाने विचारलं तर मीच कापले सांगेन." ताई म्हणाली, मग नीट कापायलाच नको, आणि दोघं हसले.

दादा कधी आला नाही. भेटला की नमस्कार करतो, तीही करते.

बातमी घरी पोचायची ती पोचलीच. एका दुपारी बाबांचा फोन आला. भाऊ नाही, आई नाही, स्वतः बाबा. ते फोनवर नेहमी ओरडून बोलायचे, त्या दिवशी आवाज साधा होता.

"मी तुला काय सांगितलं होतं?"

"आठवतंय, बाबा."

"मग?"

ताईने उत्तर तयार करून ठेवलं होतं, चांगलं लांबलचक. ते सगळं ती विसरली. ती म्हणाली की हात राहत नाही. पलीकडून ताईला दुकानातला पंखा ऐकू येत होता, त्याचं बेअरिंग गेलेलं होतं, आवाजावरून कळत होतं. मग बाबा सावकाश बोलू लागले. मी उभा राहिलो ते तू बसावंस म्हणून, म्हणाले. ताई म्हणाली, मी बसतेच की बाबा, आठवडाभर बसते, मोठमोठ्या यंत्रांपुढे बसते, नोकरीही तीच मिळणार आहे. फक्त रविवारी उभी राहते. आणि लाजून नाही राहत.

पलीकडे कात्री खाली ठेवल्याचा आवाज आला.

"कात्री कुठली आहे?" बाबांनी विचारलं.

तिने सांगितलं. धार कोण लावतं, त्यांनी विचारलं, आणि ती स्वतः लावते म्हटल्यावर चिडले, तू लावू नकोस, तिरकी लावशील, जाणत्याकडे दे. एवढं बोलल्यावर त्यांचा आवाज पूर्वीसारखा मोठा झाला. मग त्यांनी सहज म्हणून विचारलं, आणि मागनं झाडतं कोण? ताईने नियम सांगितला. त्यांना तो दोनदा सांगावा लागला.

"सगळे झाडतात? शिकलेलेसुद्धा?"

"सगळे. एक प्रोफेसरही झाडून गेले."

बाबा हसू लागले. दुकानात गिऱ्हाईक बसलं असावं, कारण ते त्याला काहीतरी सांगत होते, ऐकलंत का, ऐकलंत का, आणि त्यांना पुढे बोलताच येईना.

ताईचं आता शिकून झालं आहे. गावाबाहेरच्या एका कारखान्यात यंत्रांचे आवाज ऐकण्याचं काम तिला मिळालंय, उंच मुलीबरोबर भाड्याचं घर आहे, आणि रविवारी पत्र्याखाली खुर्ची आहे. पदवी मिळण्याचा समारंभ जवळ आलाय आणि त्यासाठी बाबा येतायत. त्यांनी आधीच कळवून ठेवलंय की समारंभ वगैरे बघू, पण मी रविवारी तुझ्या खुर्चीत बसणार. आयुष्यभर त्यांनी माणसं बसवली, आता त्यांना बसायचंय.

तेव्हापासून पत्र्याखाली वाद पेटलाय. आचारी म्हणतो की बापमाणूस आहे, पाहुणा आहे, त्यांना कसला नियम, त्यांच्या वाटणीचं मी झाडतो. उंच मुलगी म्हणते, म्हणजे मग दादा बरोबर होता तर, झाडणं हा अपमानच, आपल्या माणसाला त्यातून वगळायचं. मिस्त्री दर रविवारी बाजू बदलतो. ताई दोघांचं ऐकते आणि कात्री वाजवत राहते. ज्या माणसाने जन्मभर सगळ्यांचं झाडलं त्याला इथे येऊन पुन्हा झाडायला लावायचं, हे तिच्या जिवावर येतं. आणि जिथे सगळे झाडून बसतात तिथे एकट्या त्यांनाच न झाडता बसवायचं, तर ते इतरांतले एक होतील कसे, हेही तिला सुटत नाही. बाबांना विचारावं म्हटलं तर ते नुसते हसतील आणि झाडू आधीच हातात घेतील, सवयीने, आणि तेच तिला नकोय.

रविवार येईल. आधीचा उठेल, त्याचे केस खाली पडलेले असतील आणि बाबा खुर्चीपाशी उभे असतील. तेव्हा तिने झाडू त्यांच्या हातात द्यायचा, की त्यांच्या हातातून काढून घ्यायचा?